घरबसल्या पदवी

मंडळात हळदीकुंकवाला चार जणी एकत्र आल्या की हल्ली एक वाद हमखास निघतो. नात घरीच बसून मोबाइलच्या पडद्यावर कॉलेज करते. ते शिक्षण खरे मानावयाचे की नाही? एक बाजू म्हणते, आमच्या वेळी अशी सोय असती तर आम्हीही पदवीधर झालो असतो. दुसरी म्हणते, वर्ग नाही, बाक नाही, मैत्रिणी नाहीत, गुरुजनांचा धाक नाही. मग अभ्यासाला हुरूप यावयाचा कोठून? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि दोघींनाही वाटते की हा प्रश्न २०२० सालच्या टाळेबंदीने जन्मास घातला. वस्तुतः तो दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या आरंभीच्या इतिहासात बायकांच्या एका मंडळाला मानाचे पान आहे. ती हकिगत वाचक भगिनींपुढे ठेवावी म्हणून हे लिहीत आहे.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात अ‍ॅना इलियट टिकनर नावाच्या एक विदुषी होत्या. वडील हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक, घरात पुस्तकांची रेलचेल; पण त्या काळी हार्वर्डचे दार मुलींना बंद. या बाईंनी १८७३ साली आपल्या मैत्रिणी जमवून एक संस्था काढली. तिच्या नावाचा अर्थ मराठीत सांगावयाचा तर 'घरच्या घरी अभ्यासास उत्तेजन देणारी मंडळी'. इमारत नाही, घंटा नाही, परीक्षेचा हॉल नाही. दूरदूरच्या गावांतील ज्या बायकांना शिकावेसे वाटे त्यांनी नाव नोंदवावयाचे, इतिहास, वाङ्मय, कला, शास्त्र, भाषा यांतील एखादा विषय निवडावयाचा, आणि टपालाने आलेली पुस्तके वाचावयाची. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून, जे आठवेल त्याचे टिपण करावयाचे. आणि दर महिन्याला पत्र लिहावयाचे.

या पत्रातच सारी मेख होती. प्रत्येक विद्यार्थिनीला एक शिक्षिका नेमून दिलेली असे आणि तिचे उत्तर येई. उत्तरात चुका दाखविलेल्या असत, पुढे काय वाचावे ते सांगितलेले असे, आणि त्याचबरोबर घरी आजारपण आहे काय, दिवसातून थोडा तरी वेळ मिळतो काय, अशी विचारपूसही असे. या शिक्षिका बिनपगारी काम करीत. शास्त्र विभागाची धुरा पुढे एलन स्वॉलो रिचर्ड्‌स यांनी वाहिली. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात प्रवेश मिळविणारी ही पहिली स्त्री. घरातील पाणी, हवा आणि अन्न यांची रसायनशास्त्राच्या दृष्टीने तपासणी करण्याचे शास्त्र त्यांनी उभे केले. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला शास्त्र शिकवावयाचे तर चुलीपासूनच आरंभ करावा, हे त्यांना उमगले होते.

संस्था १८९७ साली, टिकनरबाईंच्या मृत्यूनंतर वर्षभरात बंद झाली. तोवरच्या चोवीस वर्षांत सात हजारांहून अधिक बायका तिच्या पटावर आल्या होत्या. पदवी कोणालाच मिळाली नाही, कारण ती द्यावयाची नव्हतीच. नोकरी नाही, बढती नाही, नावापुढे दोन अक्षरेही नाहीत. तरी बायका वर्षानुवर्षे का लिहीत राहिल्या, हा प्रश्न मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. पत्र गेले नाही तर पलीकडे कोणीतरी वाट पाहील, हेच त्याचे कारण असावे, असे माझे मत आहे.

याच काळात इंग्लंडात अगदी उलट पद्धत चालू होती. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षा बाहेरच्यांना खुल्या केल्या. कोठेही राहा, कसेही शिका, शिकवावयास आम्ही येणार नाही. परीक्षेला मात्र अवश्य बसा, असा हा रोकडा व्यवहार होता. १८७८ पासून स्त्रियांनाही तेथे पदव्या मिळू लागल्या. निश्चयी माणसांना या पद्धतीचा फार उपयोग झाला. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना टपालानेच कायदा शिकत होते. १९८९ साली, सुटकेच्या आदल्या वर्षी, त्यांनी दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची एल्‌एल्. बी. मिळविली. परंतु मंडेलांच्या मापाने साऱ्यांना मोजून चालत नाही.

आपल्याकडे १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडनच्याच धर्तीवर. विद्यापीठाने परीक्षा घ्यावयाची आणि कॉलेजांनी शिकवावयाचे. म्हणजे वर्ग आलाच. पण वर्गात बसणे म्हणजे हुरूप मिळणे, असे मात्र समजू नये. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एकट्याच मुलगी होत्या. मुलगे वर्गाची दारे त्यांच्या तोंडावर लावून घेत, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. त्या १८८८ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या आणि परीक्षेत वरच्या श्रेणीत आल्या. पण विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती, केवळ स्त्री म्हणून, त्यांना नाकारली गेली. जुनी कॉलेजे कशी सोन्यासारखी होती, असे जेव्हा कोणी सांगते तेव्हा मला ही बंद दारे आठवतात.

धोंडो केशव कर्व्यांची वाट निराळी. हिंगण्याच्या माळावर बायकांना शिकविण्यासाठी ते कॉलेजातील काम आटोपून पुण्याहून रोज पायी जात. विद्यार्थिनीला येता येत नाही तर मास्तराने जावे, इतका साधा तो हिशेब होता. जपानातील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका १९१५ च्या सुमारास त्यांच्या हाती पडली आणि १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. मातृभाषेतून शिकविणे आणि कॉलेजात न जाताही परीक्षेस बसू देणे, या दोन्ही गोष्टी संसारी बाईला डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या होत्या. सरकारी कायद्याने पूर्ण मान्यता मिळावयास मात्र १९५१ साल उजाडले. त्यापूर्वी या विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या बाईला सरकारी नोकरीची हमी नव्हती. तरी बायका शिकल्या.

येथे थोडे विषयांतर करते. शिकून काहीतरी करून दाखविण्याच्या या ओढीला मानसशास्त्राच्या पुस्तकांत संपादन-प्रेरणा म्हणतात. आपल्या घरगुती मराठीत जिद्द. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिचा पिच्छा पुरविला. तो माणसांना चित्र दाखवी आणि त्यावर गोष्ट लिहावयास सांगे. गोष्टीत यशाची आस किती डोकावते त्यावरून मोजमाप करी. १९६१ साली त्याचा मोठा ग्रंथ आला आणि १९६४ मध्ये त्याने आंध्रातील काकिनाड्याच्या व्यापारी-कारखानदारांवर, ही प्रेरणा शिकवून वाढविता येते काय, याचा प्रयोगही केला. त्याच्या निष्कर्षांतील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. जिद्दीच्या माणसाला फार सोपे काम आवडत नाही आणि अशक्यही आवडत नाही, मधले आवडते. आणि आपले काम कसे झाले, हे त्याला लवकर कळावयास हवे असते. कळले नाही तर जीव तगमगतो आणि हळूहळू विझतो. टिकनरबाईंची महिन्याची पत्रे येथे पुन्हा आठवावीत.

मॅक्लेलंडच्या आरंभीच्या प्रयोगांत बायका जवळजवळ नव्हत्याच. ती उणीव मॅटिना हॉर्नर या संशोधिकेने हेरली. तिने १९६८ साली कॉलेजच्या मुलींना एका वाक्यापुढे गोष्ट लिहावयास सांगितली: पहिल्या सत्राच्या परीक्षेत अ‍ॅन वैद्यकीय वर्गात पहिली आली. मुलांना हेच वाक्य मुलाचे नाव घालून दिले. सुमारे शेकडा ६५ मुलींच्या गोष्टींत बिचाऱ्या अ‍ॅनचे काहीतरी वाईटच झाले. मैत्रिणी दुरावल्या, लग्न मोडले, ती एकटी पडली. मुलांमध्ये असे लिहिणारे शेकडा दहांहूनही कमी. हॉर्नरने याला यशाचे भय म्हटले. पुढील संशोधकांनी त्यावर पुष्कळ आक्षेप घेतले, आणि ते बरोबरही असतील. हे भय मुलींच्या स्वभावात नसून भोवतालच्या माणसांत असते, असे कित्येकांचे म्हणणे पडले. मला तेच पटते. बाई पहिली आली की घर काय म्हणेल, हा विचार तिला चिकटतो, आणि घरीच बसून शिकणाऱ्या बाईला तर घर चोवीस तास समोर असते.

स्वातंत्र्यानंतर विद्यार्थ्यांची संख्या वाढली आणि कॉलेजे अपुरी पडू लागली. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या समितीने टपालाने शिकविण्याची शिफारस केली आणि १९६२ साली दिल्ली विद्यापीठात पत्रद्वारा बी. ए.चा अभ्यासक्रम निघाला. त्याच वर्षी आपले चिंतामणराव देशमुख तेथे कुलगुरू झाले. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई ज्या समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्ष होत्या, त्या मंडळाने १९५८ पासून प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम चालविले होते. ते अनेक महिला मंडळांच्या खोल्यांतूनच चालत, हे जुन्या सभासदांना ठाऊक असेल. मुंबई विद्यापीठाचा पत्रद्वारा विभाग १९७१ सालचा.

मीदेखील लग्नानंतर, १९७६ साली, एका विद्यापीठाच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमास नाव घातले होते. नाव सांगत नाही; तेथील आजच्या मंडळींचा त्यात काही दोष नाही. जाडजूड पुडके आले. त्यातील प्रश्नांची उत्तरे पाठवावयाची होती, ती मी रात्री भांडी आवरून, दिवाणखान्यातील दिवा सासऱ्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ओट्यापाशी बसून लिहिली आणि धाडली. चार महिने काही आले नाही. नंतर परीक्षा होऊन गेल्यावर एक लिफाफा आला. पानापानावर तांबडी बरोबरची खूण आणि शेवटी सही. एक शब्द नाही! मी रडले नाही, पण पुढचे पुडके पंधरा दिवस सोडले नाही, हे खरे. आमच्याच वाड्यात एक निवृत्त शाळामास्तरीण राहत. त्यांनी एकदा जिन्यात अडवून विचारले, "काय गं, कितवे प्रकरण झाले?" तेव्हापासून दर गुरुवारी त्या विचारीत. अर्थशास्त्र त्यांना माझ्याहूनही कमी येत होते. पण गुरुवार जवळ आला की मला बुधवारी रात्री बसावेच लागे. पदवी मिळाली ती त्या गुरुवारांमुळे.

टपालाच्या पुडक्यांतील ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांत ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ अग्रेसर. हॅरल्ड विल्सन यांनी १९६३ साली रेडिओ-दूरचित्रवाणीवरील विद्यापीठाची कल्पना मांडली. खाणकामगाराच्या घरी जन्मलेल्या जेनी ली या मंत्रिणीने हट्टाने ती तडीस नेली. १९६९ ला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत चोवीस-पंचवीस हजार विद्यार्थी अभ्यासाला लागले. लोकांच्या डोळ्यांत भरले ते दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम. खरा भार मात्र वाहिला तो छापील पाठांनी आणि प्रत्येकाला नेमून दिलेल्या शिक्षकाने, जो स्वाध्याय तपासून त्यावर सविस्तर लिही.

आपल्या महाराष्ट्रात १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पुरा करून पदवीकडे वळता येऊ लागले आणि शाळा सुटलेल्या कितीतरी बायकांना त्यामुळे मागे राहिलेला धागा पुन्हा हाती धरता आला. पुस्तके मराठीत, घरी वाचावयाची. पण अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे. आमच्या ओळखीच्या एका अंगणवाडीताई त्या सत्रांबद्दल सांगत, की शिकविणे बेताचेच असे, पण त्या दिवशी त्या घरातून निघू शकत. स्वयंपाक उरकून, पातळ बदलून, पिशवीत वही घालून बाहेर पडणारी बाई विद्यार्थिनी दिसते. घरात जमिनीवर बसून वाचणारी बाई रिकामी दिसते! तिला हाक मारायला कोणालाही संकोच वाटत नाही. कॉलेजाच्या वर्गात कोणते ज्ञान मिळते याची चर्चा पुष्कळ होते. कॉलेजामुळे मुलीला दहा वाजता उंबरा ओलांडण्याचा हक्क मिळतो, हे मात्र कोणी हिशेबात धरीत नाही.

आता संगणकाकडे येऊ. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या दोन शिक्षकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपला वर्ग इंटरनेटवर साऱ्या जगाला फुकट खुला केला. एक लाख साठ हजारांनी नावे घातली. शेवटपर्यंत टिकले तेवीस हजारांच्या आसपास. पुढे अशा वर्गांची लाटच आली आणि बहुतेकांत पुरे करणारे मूठभरच राहिले. २०१३ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील सरकारी विद्यापीठाने गणित आणि संख्याशास्त्र असेच शिकवून पाहिले. पहिल्याच सत्रात पास होणाऱ्यांचे प्रमाण वर्गातील मुलांहून इतके खाली आले की जुलैत प्रयोग थांबवावा लागला. उन्हाळ्याच्या सत्रात निकाल सुधारले. पण त्या वेळी बसलेल्यांत आधीच पदवी असलेले पुष्कळ होते. ज्याला शिकण्याची सवय आणि सवड आहे त्याला पडदा पुरतो, आणि जो आधीच मागे पडला आहे त्याला तो आणखी मागे टाकतो, असे यातून दिसले. काही भगिनी म्हणतील की हा दोष यंत्राचा नव्हे, आळसाचा आहे. माझे मत निराळे. एक लाख साठ हजारांतून एकजण गळाला, तर ते कोणाच्या लक्षात येणार?

मग २०२० चा मार्च आला. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे देशातील शेकडा २४ च्या आसपास कुटुंबांतच इंटरनेटची सोय होती. खेड्यांत तर शेकडा १५. अशा देशात साऱ्या कॉलेजांचे वर्ग एका रात्रीत पडद्यावर गेले. प्राध्यापकांनाही कोणी शिकविले नव्हते. कित्येकांनी चांगली धडपड केली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाहीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ ऑगस्टला परीक्षा घ्याव्यात असाच निर्णय झाला. आपल्याकडे त्या बव्हंशी चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्याच्या झाल्या. गुण भरघोस पडले, आणि ज्यांनी खरोखर अभ्यास केला होता अशी मुलेच त्यामुळे खट्टू झालेली मी पाहिली. फार सोपे काम जिद्दीला मानवत नाही, हे वर आलेच आहे.

आमच्या गल्लीतील एक मुलगी तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. घरात एकच चांगला फोन. त्यावर सकाळी धाकट्या भावाची शाळा आणि नंतर हिचे कॉलेज. दहाच्या तासाला पोळ्यांची वेळ. ती कानात एक तार अडकवून पोळ्या लाटी आणि पलीकडे सर हिशेब शिकवीत. कॅमेरा बंद, कारण मागे स्वयंपाकघर. मी विचारले, समजते का गं? तर म्हणाली, "समजतं आजी. पण सर विचारतात 'एनी डाउट', आणि कोणीच बोलत नाही. मी आहे हे त्यांना ठाऊकच नाही." तिचे गुण वाईट नव्हते. पुढच्या वर्षी फॉर्म भरावयाचा नाही असे तिने स्वतःच घरी सांगितले, आणि घरच्यांनीही आग्रह केला नाही.

ही गोष्ट कार्यकारिणीत निघाली. निर्बंध उठल्यावर मंडळाचा मागचा हॉल दुपारी दोन ते पाच अभ्यासासाठी उघडा ठेवावयाचे ठरले. इंटरनेटची जोडणी घेतली. खर्चावर थोडी कुरकुर झाली, ती खजिनदारबाईंच्या अहवालात आहेच. पहिल्या आठवड्यात दोघीच आल्या, आता नऊ-दहा येतात. त्यांत दोन सुना आहेत आणि एक तर नातवंडे असलेली. पडद्यावरचेच वर्ग त्या येथे बसून ऐकतात. आम्ही सभासद आळीपाळीने दाराशी बसतो. आम्हाला त्यांचे विषय येत नाहीत. वहीत नाव, तारीख आणि आज काय वाचले एवढे लिहून घेतो, आणि दोन दिवस कोणी दिसली नाही तर तिच्या घरी फोन करतो. बी. कॉम.ची ती मुलगी दुसऱ्या महिन्यात आली. राहिलेले वर्ष तिने मुक्त विद्यापीठातून पुरे केले, आणि सध्या मंगळवारी व शुक्रवारी दाराशी तीच बसते.